जागल्याचा वाटा

शाहूवाडी तालुक्यात कागद पायी चालतो आणि बातमी पळत सुटते. वाडीवरच्या शाळेतल्या शिक्षकाने, जंगलातल्या वनरक्षकाने किंवा सज्जावरच्या तलाठ्याने एखादी गैरगोष्ट कळवायची ठरवली, तर अर्ज आधी शाहूवाडीला, तिथून कोल्हापूरला आणि नशीब असेल तर आणखी पुढे जाणार. आंबा घाटाकडचा मुलूख पावसात बुडालेला असताना या प्रवासाला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. बातमीला पावसाची अडचण नसते. अर्ज आवक नोंदवहीत चढायच्या आत तो कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला आणि अर्जदाराचा मेहुणा कोणत्या पुढाऱ्यामागे फिरतो, हे मलकापूरच्या चहाच्या गाड्यांवर सगळ्यांना ठाऊक झालेले असते.

म्हणून या विषयावरचे शहरी ग्रंथ इथे बसून वाचताना जरा हसू येते. त्यांत तक्रारीसाठी गुप्त दूरध्वनी क्रमांक असतो, स्वतंत्र अधिकारी असतो, तक्रारदाराला नावाऐवजी सांकेतिक आकडा मिळतो. आमच्या कचेरीत माणसे अकरा. त्यांतल्या नऊजणांना ठाऊक नसलेली गोष्ट वर कळली, तर ती उरलेल्या दोघांपैकी कोणी कळवली हे शोधायला चौकशी समिती नेमावी लागत नाही.

कामाच्या जागी चाललेला गैरप्रकार नोकरदार माणूस कधी उघड करतो आणि बहुतेक वेळा का करत नाही, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्यावर आपल्याकडे जे बोलले जाते ते सगळे धैर्याच्या भाषेत. बोलणारा वीर, गप्प बसणारा भ्याड. मला ही वाटणी पटत नाही. गप्प बसणारा माणूस हिशोब करत असतो, आणि खेदाची गोष्ट अशी की त्याचा हिशोब बहुधा बरोबर निघतो. तो स्वतःला दोनच प्रश्न विचारतो: सांगून काही होणार आहे का? आणि सांगितल्यावर माझे काय होईल? उत्तरासाठी तो नियमांचे पुस्तक उघडत नाही. मागच्या खेपेला जो बोलला होता, तो आज कुठे आहे, एवढेच बघतो. या हिशोबातले आकडे साहेब भरत असतो, रोज, नकळत.

विषयाचे नाव मात्र आपल्याकडे फार चांगले आहे. इंग्रजीत असा माणूस शिट्टी फुंकतो. मराठी वृत्तपत्रांनी त्याच्यासाठी ‘जागल्या’ हा जुना शब्द उचलला. जागल्या म्हणजे गावाची रात्रीची राखण करणारा. मुलखामुलखाप्रमाणे तो महार असे, रामोशी असे, बेरड असे. चोरी झाली तर चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचे, माग पुढच्या गावाच्या हद्दीत गेला तर तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, आणि माग लागलाच नाही तर नुकसानीला तोंड द्यायचे, अशी रीत होती. ओरडणे हे त्याचे काम होते. त्याबद्दल सुगीत खळ्यावर त्याचा वाटा बाजूला काढला जाई. ओरडून झोपमोड केली म्हणून गावाने जागल्याचा वाटा कापला, असे कधी ऐकिवात नाही.

जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. ज्याच्या जागरणावर गाव झोपत असे, त्याला वेशीबाहेर राहावे लागत होते, आणि त्या वाट्याच्या बदल्यात पिढ्यान्पिढ्या राबवूनही घेतले जाई. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतन रद्द केले ते याच कारणाने. पण त्या व्यवस्थेला एक गोष्ट कळली होती, जी आजच्या कचेऱ्यांना कळलेली दिसत नाही: ज्याने ओरडावे असे वाटते, त्याच्या पोटाची सोय ओरडण्याआधी ठरलेली असली पाहिजे.

आता याच्या शेजारी आपला दुसरा शब्द ठेवा. चहाडखोर. शाळेत मास्तरांना खरे सांगणाऱ्या पोराला वर्ग हाच शब्द लावतो, आणि ते पोर पुढे कारकून झाले तरी हा शब्द त्याच्या कानात असतो. तिसरे आहे ते मीठ. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. जागल्याही ‘जागणे’ मधूनच येतो आणि मिठाला जागणेही. दोन्ही एकाच धातूतून आले, पण नोकरीत ते एकमेकांसमोर उभे ठाकतात. पतसंस्थेतल्या ज्या पोराला संचालकाच्या शब्दावर नोकरी लागली, त्याने त्याच संचालकाच्या भावाचे बुडीत कर्ज उघड करायचे का? तो म्हणेल, मी त्यांचे मीठ खाल्ले आहे. मीठ तर ठेवीदारांचे आहे, पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सहकारावर उभ्या राहिलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कारखाना, दूध संघ, बँक, सोसायटी, शिक्षणसंस्था, जिथे म्हणून नोकरी आहे तिथे ती देणारा कोणीतरी ‘आपला माणूस’ आहे.

या विषयावरची आमच्या भागातली सर्वांत चांगली गोष्ट परदेशातल्या कुठल्या कंपनीची नाही. ती कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेतली आहे. गंगाराम कांबळे तिथे नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना सहकाऱ्यांनी बेदम मारले. शाहू महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम त्यांच्यासमोर गेले आणि घडले ते सांगितले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, हे सगळेच सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे.

आधीचे म्हणजे, पागेतल्या एका अस्पृश्य नोकराला थेट छत्रपतींपुढे जाऊन तक्रार करावीशी वाटली. ही हिंमत एका दिवसात आली नसणार. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला होता. शाळा, वसतिगृहे उघडत होती. हा माणूस आपले ऐकतो, याचा पुरावा गंगाराम वर्षानुवर्षे पाहत आले होते. तक्रारीच्या दिवशी साहेब कसा वागतो यापेक्षा तक्रारीच्या आधीची दहा वर्षे तो कसा वागला, यावर तक्रार येते की नाही हे ठरते.

नंतरचे अधिक शिकवणारे आहे. गंगाराम पुन्हा पागेत गेले नाहीत. महाराजांच्या मदतीने त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. शिक्षा देऊन प्रकरण मिटले असे त्यांनी मानले नाही. तक्रार करणाऱ्या माणसाशी आता गाव कसे वागेल, हा खरा प्रश्न आहे, आणि तो हुकमाने सुटत नाही, हे त्यांना दिसले. म्हणून आपला देह तिथे नेऊन बसवला. आजच्या भाषेत याला तक्रारदाराचे संरक्षण म्हणतात. त्याचा याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक प्रकार मला तरी ठाऊक नाही: साहेबाने तक्रारदाराबरोबर चारचौघांत चहा प्यावा.

तरी एक खडा राहतोच. राज्यकर्ता शाहू महाराजांसारखा असूनही नोकरी सुटली ती मार खाणाऱ्याची. पागेतच ताठ मानेने काम करता येईल अशी पागा काही त्या दिवसांत झाली नाही. चांगला नेता किती करू शकतो आणि कुठे थांबतो, दोन्ही या एका गोष्टीत आहे.

कोल्हापूरचीच दुसरी गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती शाहू महाराजांच्या आधीच्या काळातली. १८८१–८२ च्या सुमारास चौथे शिवाजी महाराज गादीवर होते आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो आहे, अशी कुजबुज कोल्हापुरातून पुण्यापर्यंत गेली. दरबारातल्या माणसांना ती सांगायला संस्थानात कोणी उरला नव्हता. दिवाणाविरुद्ध दाद दिवाणाकडेच मागायची की त्याला नेमणाऱ्या साहेबाकडे? मग गोष्ट वर्तमानपत्रांकडे गेली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ नुकते सुरू झाले होते. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या भरवशावर मजकूर छापला गेला. पत्रे बनावट निघाली. अब्रूनुकसानीचा खटला होऊन जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. आणि तरुण महाराज? डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, राखणीवर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले.

कागद खोटे होते. काळजी खोटी नव्हती. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि कचेऱ्यांमध्ये ते नेहमी असते. जिथे खरे सांगायला विश्वासाची वाट नाही, तिथे खरे नाहीसे होत नाही. ते आडवाटेने जाते, आणि आडवाटेला त्याच्याबरोबर खुन्नस, अफवा, बनावट सही, सगळेच चालू लागते. निनावी अर्ज म्हणजे दुसरे काय असते? ‘एक त्रस्त नागरिक’ अशी सही, चार आरोप, त्यांत एक खरा, दोन फुगवलेले आणि एक जुन्या भांडणातला. साहेब शेरा मारतो, ‘निनावी, दप्तरी दाखल’, आणि त्या तीन खोट्यांबरोबर खराही बस्त्यात जातो. नाव-गाव नसलेल्या तक्रारीवर कारवाई करायची नाही, हा सरकारी दंडक अन्यायाचा नाही. त्यावाचून कोणालाही बदनाम करता येईल. पण ज्या कचेरीत निनावी अर्जांची चळत वाढते, तिथल्या प्रमुखाने ‘लोक भित्रे आहेत’ म्हणण्याआधी आपल्या दाराकडे एकदा बघावे.

नाव घालून लिहिणाऱ्यांचे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली मुख्यमंत्री आणि राज्यपालांना सविस्तर पत्रे लिहिली. सिंचन प्रकल्पांच्या वाढवलेल्या किमती आणि निकृष्ट कामे हा त्यांचा विषय. दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च होऊन राज्याचे सिंचन ०.१ टक्क्याने वाढले, ही आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून उठलेली चर्चा तेव्हा घराघरांत होती. सरकारने पुढे श्वेतपत्रिका काढून तो आकडा नाकारला. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१९ च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने विदर्भातल्या प्रकल्पांबाबत पवार यांचा दोष आढळत नसल्याचे न्यायालयाला सांगितले. कोण दोषी आणि कोण नाही, हा माझा प्रश्न इथे नाहीच. मोजमाप पुस्तकावर सही करणारे, अंदाजपत्रक फुगवताना शेजारी बसलेले अभियंते राज्यभर शेकड्यांनी होते. लिहिले एकाने. तो एकटा शूर आणि बाकी सगळे मिंधे असे मानून चालणार नाही. पांढरे जिथे होते तिथून दिसत पुष्कळ होते, पण ठेकेदाराच्या बिलाशी त्यांची मान रोज अडकलेली नव्हती. नोकरीही बरीचशी मागे पडली होती. बोलणे त्यांना परवडत होते, असे नाही. इतरांपेक्षा थोडे कमी महाग होते. कचेरी नीट चालवायची म्हणजे ही किंमत खाली आणायची.

आणि किंमत किती वर जाऊ शकते? २००२ मध्ये बिहारमधल्या महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवताना अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. पत्र त्यांच्या नावासकट खात्याखात्यांत फिरले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात गयेत त्यांचा खून झाला. आपल्याकडे तळेगावचे सतीश शेट्टी आणि इचलकरंजीचे दत्ता पाटील हे माहितीच्या अधिकाराचे कार्यकर्ते २०१० मध्ये मारले गेले. जानेवारी २०११ मध्ये मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलाच्या भेसळखोरांनी जाळले. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीवन संपवले. वरिष्ठाच्या छळाबद्दल दाद मागूनही काही झाले नाही, असे त्यांच्या पत्रात होते. त्या गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले होते, रीतसर, खात्याच्या आत, ज्याला सांगायचे त्याला. सह्याद्रीच्या जंगलात एकट्याने ठाण्यावर राहणाऱ्या कोणाही कर्मचाऱ्याला ही गोष्ट कोणी वाचून दाखवावी लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात उरकतो, कारण तिथे फारसे काही नाही. दुबे प्रकरणानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे काम दक्षता आयोगाकडे दिले. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, २०१४ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अंमलात आणायचा राहून गेला. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही ठरावीक कंपन्यांना अंतर्गत तक्रारीची व्यवस्था सक्तीची केली. बांबवड्याच्या पतसंस्थेतल्या कारकुनाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून फिरून साहेबापाशीच यावे लागते. ‘आमचे साहेब चांगले आहेत, स्वतः एक रुपया घेत नाहीत,’ हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, आणि त्याच साहेबांच्या दालनाबाहेर दरपत्रकही ऐकत आलो आहे. लिंडा ट्रेव्हिनो आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी २००० च्या सुमारास हा गुंता चांगला सोडवला. त्यांच्या मते नैतिक नेतृत्वाला दोन पाय लागतात. माणूस स्वतः सरळ असावा, हा एक. आणि सरळपणा हा इथला कामाचा नियम आहे, हे त्याने बोलण्यातून, बक्षिसातून, शिक्षेतून दिसू द्यावे, हा दुसरा. पहिला पाय आहे आणि दुसरा नाही, अशा साहेबाला हाताखालची माणसे नैतिक मानत नाहीत. त्याला या बाबतीत काही पडलेले नाही, असे समजतात. आपले निम्मे प्रामाणिक अधिकारी याच एका पायावर उभे आहेत. ते खात नाहीत, आणि खाणाऱ्याला विचारतही नाहीत. शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सगळ्यांना यातून एकच अर्थ कळतो: साहेबांना त्रास नको आहे.

याच्या जोडीला संशोधक एमी एडमंडसन यांचे काम ठेवतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्यांनी मोजल्या. ज्या वॉर्डात परिचारिकांचे आपसात आणि प्रमुखाशी चांगले, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. आमच्याकडे ‘या वर्षी एकही तक्रार नाही’ असा अहवाल आला की टाळ्या वाजतात. ज्या कचेरीत तक्रारच येत नाही, तिथे मी असतो तर रात्री झोपलो नसतो.

विश्वासाचीही एक उलटी बाजू आहे, आणि ती पुस्तके फारशी सांगत नाहीत. साहेबावर जीव असला की त्याला वाईट बातमी द्यायला जीभ रेटत नाही. ‘त्यांच्या कानावर घालून त्यांना कशाला त्रास?’ प्रेमाने पाळलेले हे मौन भीतीच्या मौनाइतकेच महाग पडते. साहेबावर विश्वास हवा तो तो ऐकून घेईल असा. तो सांभाळून घेईल असा नको.

मौन किती महाग पडते, हे ठेवीदारांना विचारा. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले गेले. एकाच बांधकाम समूहाची थकीत कर्जे लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. एवढी यादी कोणी एकटा रात्री घरी बसून लिहीत नाही. लेखापरीक्षक वर्षातून काही दिवस येतो, कारकून रोज असतो. फसवणुकीच्या तपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की उघड झालेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कोणीतरी सांगितल्यामुळे उघड झाली, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक तिथलेच कर्मचारी होते. कॅमेरे आणि संगणक त्यानंतर येतात.

आमच्या तालुक्यात दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे चालत जाणाऱ्यांची रांग लागते. जुलै १६६० ची ती रात्र सगळ्यांना पाठ आहे. खिंडीत बाजीप्रभू, आणि छत्रपती शिवाजी महाराज गडावर पोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार. पराक्रम तर आहेच. पण मी कारकुनी डोक्याचा माणूस, मला ते तोफांचे बार म्हणजे पोच वाटते. खिंडीत उभा राहिलेल्याला कळले पाहिजे की त्याचे उभे राहणे कामी आले. आमच्याकडे अर्ज करणाऱ्याला आवक क्रमांक मिळतो. बार काही ऐकू येत नाही. चौकशी झाली की नाही, झाली तर काय निघाले, हे त्याला वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्याकडून कळते, आणि तोवर त्याच्या शेजारच्या दहाजणांनी आपापला हिशोब पुरा केलेला असतो.

पुढची पाने अधिकाऱ्यांनी वाचावीत तशी त्यांच्या हाताखालच्यांनीही वाचावीत, आणि शक्य असेल तर एकाच खोलीत बसून. त्याआधी वाचकाला एक विनंती आहे. आपल्या कचेरीत, शाळेत, संस्थेत स्वतःच्या नावाने शेवटची लेखी तक्रार कोणी केली होती, ते आठवून पाहा. मग ती व्यक्ती आज कोणत्या टेबलावर बसते आणि दुपारी तिच्या शेजारी डबा कोण उघडते, तेही बघून या.